एक्सप्लेनर : आई-बाबांसाठी ‘असिस्टेड लिव्हिंग’ निवडताय? रात्री दोन वाजता कोण येतं, ते आधी विचारा

उदाहरणादाखल एक घर घेऊ. पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारत जुनी, लिफ्ट नाही. आई ७८ वर्षांची. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी ठाण्याला. आई स्वतःचा चहा करते, पेपर वाचते, मोबाइलवर भजनं लावते. पण गेल्या पावसाळ्यात ती पहाटे बाथरूममध्ये पडली आणि कामाच्या मावशी साडेआठला येईपर्यंत तिथेच होती. हाड मोडलं नाही एवढंच. तेव्हापासून भावा-बहिणीच्या फोनवर एकच विषय आहे : आता काय करायचं?

अशी घरं आता मोजकी राहिलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे १० कोटी ३८ लाख लोक होते. लोकसंख्येतलं त्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होतं. त्यालाही आता बरीच वर्षं उलटली.

मग मुलगी रात्री मोबाइलवर शोधायला बसते. सीनियर लिव्हिंग, रिटायरमेंट होम, असिस्टेड लिव्हिंग, केअर होम, डिमेन्शिया केअर, वृद्धाश्रम. सगळ्यांचे फोटो सारखेच : हिरवळ, पांढरे केस, हसरे चेहरे, कॅरम. दर मात्र एकाचा दुसऱ्याच्या तिप्पट. यातलं आईसाठी नेमकं कोणतं, हे फोटोंवरून कळत नाही. पाटीवरूनही कळत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

नावं सहा, फरक काय?

सोप्या भाषेत तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी सीनियर लिव्हिंगची. इथे माणूस स्वतःचं सगळं स्वतः करू शकतो, फक्त घर वयाला सोयीचं हवं असतं : लिफ्ट, रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडा, खाली मेस, आवारात डॉक्टर, सोबतीला समवयस्क. फ्लॅट विकत किंवा भाड्याने घेता येतो. पुण्यातली ‘अथश्री’ संकुलं या प्रकारातली म्हणून मराठी वाचकांना माहीत आहेत. नेरळचं डिग्निटी फाउंडेशनचं संकुलही अनेकांनी ऐकलेलं असतं.

दुसरी पायरी असिस्टेड लिव्हिंग. इथे खोली मिळते आणि सोबत माणूस मिळतो. अंघोळ घालायला, कपडे बदलायला, औषध वेळेवर द्यायला, रात्री बाथरूमपर्यंत हात धरून न्यायला. हे हॉस्पिटल नसतं. आजारावर उपचार हा त्याचा मुख्य उद्देश नसतो, रोजच्या जगण्याला हातभार हा असतो.

तिसरी पायरी नर्सिंग केअरची. नाकातून नळी, कॅथेटर, ऑक्सिजन, बेडसोअर, पूर्ण अंथरुणाला खिळलेला माणूस. यासाठी प्रशिक्षित नर्स चोवीस तास लागते. स्ट्रोक किंवा खुब्याच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांसाठीही अशी जागा लागते.

डिमेन्शिया केअर हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधला वेगळा कप्पा आहे. कारण तिथे शरीर धडधाकट असू शकतं, पण माणूस दार उघडून रस्त्यावर निघून जाऊ शकतो.

आणि वृद्धाश्रम? हा शब्द आपल्याकडे जुना आहे आणि त्याला एक सल चिकटलेला आहे. बहुतेक वृद्धाश्रम धर्मादाय संस्था चालवतात. पुण्यातलं नवी पेठेतलं ‘निवारा’ तर एकोणिसाव्या शतकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं. राज्य सरकारची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ची. पण अनेक वृद्धाश्रम प्रवेश देताना ‘स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे’ अशी अट घालतात. म्हणजे ज्या दिवशी मदतीची खरी गरज सुरू होते, त्याच दिवशी तिथला मुक्काम धोक्यात येतो. उलट काही साध्या वृद्धाश्रमांत सेवा इतकी चांगली असते, की चकचकीत ब्रोशरवाल्यांनी शिकून घ्यावी. नावावरून दर्जा ठरत नाही, तो असा.

कायद्यात असिस्टेड लिव्हिंग आहे का?

हॉटेलला परवाना लागतो, हॉस्पिटलला नोंदणी लागते. असिस्टेड लिव्हिंगसाठी मात्र वेगळा परवाना देणारा आणि नियमित तपासणी करणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे कोणीही बंगला भाड्याने घेऊन पाटी लावू शकतो.

जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. २००७चा ‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा’ मुलांवर सांभाळाची जबाबदारी टाकतो आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना मांडतो. त्यात दुरुस्ती करून अशा केंद्रांची नोंदणी आणि किमान निकष आणण्याचं विधेयक २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९मध्येच रिटायरमेंट होमसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण मार्गदर्शक तत्त्वं ही राज्यांनी स्वीकारायची गोष्ट.

महाराष्ट्रात एक ठोस पाऊल पडलं ते मे २०२४मध्ये. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना महारेराने किमान निकष लावले. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवी, दरवाजे निदान ९०० मिलिमीटर रुंद हवेत, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, एका टप्प्यात १२ पेक्षा जास्त पायऱ्या नकोत, बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे हवेत. आणि हे सगळं विक्री करारात लिहिलेलं हवं.

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. हे निकष इमारतीचे आहेत. दरवाजा ९०० मिलिमीटरचा आहे की नाही, हे महारेरा सांगेल. त्या दरवाजातून रात्री मदतीला कोणी येईल की नाही, हे त्यात नाही. ते तुम्हालाच तपासावं लागतं.

जागा शोधण्याआधी आईची यादी करा

बहुतेक कुटुंबं उलटीकडून सुरुवात करतात. आधी तीन-चार ठिकाणं बघतात, मग त्यातलं एक परवडतं का ते बघतात. आईला नेमकी कशात मदत लागते, हा प्रश्न राहूनच जातो.

वृद्धांची काळजी घेणाऱ्या क्षेत्रात यासाठी एक जुनी मोजपट्टी आहे. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३मध्ये ती मांडली. त्यात सहा कामं आहेत : अंघोळ, कपडे घालणं, संडास-बाथरूमला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. पुढे १९६९मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली. तिच्यात घर चालवण्याची कामं आहेत : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचा हिशेब.

आईच्या बाबतीत एक कागद घ्या आणि या चौदा कामांपुढे ‘एकटी करते’, ‘कोणी शेजारी उभं लागतं’, ‘दुसऱ्यालाच करावं लागतं’ यांपैकी एक लिहा. आठवडाभर प्रत्यक्ष बघून लिहा, फोनवर विचारून नको. फोनवर सगळ्या आया ‘मी ठणठणीत आहे’ असंच सांगतात.

सहसा दुसऱ्या यादीतली कामं आधी सुटतात. वीजबिल दोनदा भरलं जातं, बीपीची गोळी सकाळी घेतली की नाही ते आठवत नाही, गॅस चालू राहतो. फक्त हीच कामं अडत असतील आणि पहिली सहा नीट चालली असतील, तर सीनियर लिव्हिंग किंवा घरीच थोडी मदत पुरते. पहिल्या सहांतल्या दोन-तीन कामांना माणूस लागू लागला, की असिस्टेड लिव्हिंगचा विचार रास्त ठरतो. पलंगावरून उठायलाच दोन माणसं लागत असतील, तर ती तिसरी पायरी. मग असिस्टेड लिव्हिंगवाले ‘आम्ही करू मॅनेज’ म्हणाले, तरी खोलात जाऊन विचारा.

कोथरूडच्या आपल्या आईचं काय? अंघोळ करताना कोणी जवळ लागतं, रात्री बाथरूमला जाताना भीती वाटते, औषधं चुकतात. बाकी सगळं ती करते. म्हणजे ती दुसऱ्या पायरीच्या उंबरठ्यावर आहे. पाच वर्षांनी कुठे असेल, हे कोणीच सांगू शकत नाही. निवड करताना आजच्या आईसाठी जागा बघायची आणि पाच वर्षांनंतरच्या आईला तिथून हलवावं लागेल का, हेही बघायचं.

यादी करून झाली की ती घेऊन एकदा तिच्या डॉक्टरांकडे जा. कधी तोल जाणं हा वयाचा नाही तर बीपीच्या किंवा झोपेच्या गोळीचा परिणाम असतो. विसरणं कधी थायरॉइडमुळे किंवा बी-१२ कमी झाल्यामुळे असतं. औषध बदलून प्रश्न अर्धा सुटला, तर घर बदलायची घाई कशाला?

घरीच चोवीस तासांची बाई ठेवली तर?

हा पर्याय बहुतेकांना पहिला सुचतो आणि तो वाईट नाही. आईला तिचं घर, तिची तुळस, शेजारच्या काकू, कोपऱ्यावरचा केमिस्ट सोडावा लागत नाही. पण ब्यूरोकडून माणूस घेतलेल्या कुणालाही विचारा. दिवाळीत आणि गणपतीत मावशी गावी जातात, बदली येते तिला आईचं काही माहीत नसतं, आणि चोवीस तासांची बाईसुद्धा रात्री झोपते. तिनेही झोपायलाच हवं. तिच्यावर देखरेख ठेवणारं घरात कोणी नसेल, तर न्यू जर्सीहून कॅमेऱ्यात बघून फारसं साधत नाही. शिवाय तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, ही अडचण तशीच राहते.

मुलगा किंवा मुलगी त्याच शहरात असेल, इमारतीला लिफ्ट असेल आणि आईला गप्पांना माणसं असतील, तर घर बऱ्याचदा जिंकतं. यातलं काहीच नसेल तर घर म्हणजे फक्त चार भिंती उरतात.

बारा केअरटेकर म्हणजे प्रत्यक्षात किती?

कुठल्याही केंद्रात गेलात की सांगतील, ‘आमच्याकडे ३० रहिवासी आणि १२ केअरटेकर.’ ऐकायला छान वाटतं. अडीच माणसांमागे एक. आता गणित करा.

आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस ४८ तास काम करतो. म्हणजे चोवीस तास एक माणूस हजर ठेवायला साडेतीन माणसं लागतात, आजारपण-रजा धरली तर चार. बारा केअरटेकर म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी तीन. सकाळी अंघोळीच्या वेळी जास्त लागतात, म्हणून ते रात्रीतून काढले जातात. उरले दोन, काही ठिकाणी एकच. ३० माणसांना एक. त्याच वेळी दोघांनी बेल दाबली तर एकाला थांबावं लागणार, आणि जे थांबत नाहीत ते स्वतः उठतात आणि पडतात.

म्हणून ‘स्टाफ किती?’ हा प्रश्न विचारू नका. ‘रात्री दहा ते सकाळी सहा या मजल्यावर जागे कितीजण असतात?’ असं विचारा. त्यातले नर्स किती, हेही विचारा. नर्स आणि केअरटेकर यांत मोठा फरक आहे. जीएनएम हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एएनएम दोन वर्षांचा. केअरटेकरचं प्रशिक्षण काही महिन्यांचं, कधी काही दिवसांचंही असतं. पांढरा किंवा निळा गणवेश सगळ्यांच्याच अंगावर असतो. आईला इन्सुलिन लागत असेल, तर ते कोण टोचणार आणि त्या माणसाची नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

भेटीला जाल तेव्हा

मार्केटिंगवाले रविवारी सकाळी अकराला बोलावतात. जा, पण दुसरी भेट न सांगता संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास द्या. डिमेन्शिया असलेल्यांची बेचैनी अनेकदा दिवस मावळताना वाढते. तेव्हा कर्मचारी कसे वागतात, त्यावरून बरंच कळतं.

नमुन्याची खोली नको, जिथे कोणी राहतंय अशी खोली दाखवा म्हणा. रहिवाशाला विचारूनच आत जा, अर्थात. बाथरूम बघा. दांडा हलवून बघा, शोभेचा आहे की वजन पेलणारा ते कळेल. पॅसेजमध्ये लघवीचा वास येतो का, आणि तो झाकायला फिनेलचा घमघमाट आहे का? बेल दाबा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? वीज गेली तर जनरेटरवर लिफ्ट चालते का? जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे यापेक्षा संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये किती मिनिटांवर आहे, हे महत्त्वाचं.

औषधांची नोंदवही बघायला मागा. कुणाला, कोणती गोळी, किती वाजता दिली आणि कोणी दिली, सही कोणाची, हे रोजच्या रोज लिहिलेलं असायला हवं. आठवडाभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने आणि एकाच दमात केलेल्या दिसल्या, तर समजून घ्या.

भाषेकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. विस्मरण वाढतं तशी मागून शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि लहानपणची उरते. आयुष्यभर बँकेत इंग्रजीत पत्रव्यवहार केलेली आई रात्री ‘तहान लागलीय’ एवढंच मराठीत म्हणेल. ते कळणारा माणूस रात्रपाळीला आहे का? जेवणाचंही तसंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रात्री मऊ भात मिळणार का, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण महिनाभराने आई जेवते की ताट परत पाठवते, ते यावर ठरतं.

आणि डिमेन्शिया केअर बघत असाल तर सरळ विचारा, ‘आवरेनासं झालं तर तुम्ही काय करता? बांधता का? झोपेचं औषध कोणाच्या परवानगीने देता?’ उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तेच उत्तर.

पैशांचं गणित पहिल्या महिन्याचं नको

कोथरूडचंच उदाहरण पुढे नेऊ. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील.

समजा केंद्राचे महिन्याला ४५,००० रुपये. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, फोन-पेपर यांचे वेगळे ८,०००. एकूण ५३,०००. आईला फॅमिली पेन्शन १८,०००. फ्लॅट भाड्याने दिला तर २०,०००. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल मर्यादेइतके म्हणजे ३० लाख ठेवले, तर ८.२ टक्क्यांनी तिमाही ६१,५०० व्याज, महिन्याला २०,५०० पडतात. एकूण आवक ५८,५००. करापूर्वी साडेपाच हजार शिल्लक. जमतंय!

आता पाच वर्षं पुढे जा. केंद्राने दरवर्षी ८ टक्के वाढ केली, तर ५३,००० चे जवळपास ७८,००० होतात. भाडं आणि पेन्शन दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले असं धरलं, तरी ते दोन्ही मिळून सुमारे ४८,५००. बचत योजनेचं व्याज मात्र तेवढंच. एकूण ६९,०००. दरमहा ९,००० कमी. त्यातच आईची मदतीची गरज वाढली आणि केंद्राने ‘केअर लेव्हल’ बदलून १५,००० वाढवले, तर खड्डा २४,०००चा. हा खड्डा कोण भरणार, हे आज भावा-बहिणीने बोलून ठेवलं नाही, तर पाच वर्षांनी ते भांडण होतं.

विम्यावर भिस्त ठेवू नका. मेडिक्लेम हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असतो, राहण्याच्या मासिक शुल्कासाठी नाही. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांचं कवच मिळतं, तेही हॉस्पिटलमधल्या उपचारांचं. दोन्ही असू द्या, पण महिन्याच्या बिलात ते धरू नका.

जीएसटीही विचारा. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेच्या वृद्धाश्रमात राहणं, जेवण आणि देखभाल मिळून महिन्याला दरडोई २५,००० रुपयांपर्यंत आकारणी असेल, तर साठीच्या पुढच्यांसाठी ती करमुक्त आहे. खासगी कंपनीने सांगितलेला दर कर धरून आहे की कर वेगळा, हे लेखी घ्या.

आणखी एक. ‘आता आई तिकडेच राहणार, तर फ्लॅट नावावर करून टाकू’ ही घाई नको. वरच्या हिशेबातलं भाडं त्या फ्लॅटमधून येतंय. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट लिहा. २००७च्या कायद्याचं कलम २३ अशी अट मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करण्याची वाट देतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये अशाच एका आईच्या बाजूने निकाल दिला. पण म्हातारपणी न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा घर नावावर असलेलं बरं.

करारात कुठे बोट ठेवायचं?

करार वीस-पंचवीस पानांचा असतो आणि सहसा इंग्रजीत असतो. सगळा वाचा, पण काही ओळींवर थांबा.

पहिली ओळ डिपॉझिटची. काही लाखांत असू शकतं. परत किती दिवसांत, किती वजावट करून, आणि आई वारली तर कोणाच्या खात्यात? ‘अॅडमिशन फी’ आणि ‘डिपॉझिट’ हे वेगळे शब्द आहेत. फी परत मिळत नाही.

दुसरी ओळ आणखी मोलाची आणि ती बहुतेक जण वाचतच नाहीत : केंद्र आईला कधी ‘घेऊन जा’ म्हणू शकतं? नळी लागली तर? रात्री ओरडू लागली तर? अंथरुणाला खिळली तर? किती दिवसांची नोटीस? अशा वेळी आई सर्वात नाजूक अवस्थेत असते आणि तुम्हाला आठ दिवसांत नवी जागा शोधायची असते. हे कलम ढोबळ असेल, ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम’ एवढंच असेल, तर सही करण्याआधी बदलून मागा.

मग बाकीचं. वार्षिक वाढीची मर्यादा. केअर लेव्हल कोण ठरवतो, केंद्राचाच माणूस की आईचे डॉक्टर? आई हॉस्पिटलमध्ये असेल त्या दिवसांचं शुल्क लागतं का, आणि तिथे सोबत कोण थांबणार? रात्री अँब्युलन्स बोलावायला नातेवाइकांच्या ‘हो’ची वाट बघतात का? न्यू जर्सीतला मुलगा तेव्हा मीटिंगमध्ये असू शकतो. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारताना घसा दाटतो : तिथेच मृत्यू झाला तर दाखला कोणते डॉक्टर देणार, आणि मुलगा विमानाने येईपर्यंत व्यवस्था काय?

सेवेत गफलत झाली, तर ग्राहक म्हणून दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ वर सकाळी आठ ते रात्री आठ चालते. वृद्धाश्रमांची माहिती, कायदेशीर सल्ला आणि छळाच्या तक्रारीही तिथे घेतात.

सही कोणाची चालणार?

इथे अनेक शिकलेली कुटुंबंही अडकतात. आईने मुलीच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी केली, आता चिंता नाही, असा समज असतो. पण भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २०१नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की तो अधिकारही संपतो. म्हणजे डिमेन्शिया वाढला आणि कागदाची खरी गरज पडली, तेव्हाच त्याचा आधार जातो. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं.

म्हणून आई स्वतः समजून-उमजून सही करू शकते तोवर बँक खाती ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ करा, नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करून घ्या. व्हेंटिलेटर हवा की नको, याबद्दल आईची काही इच्छा असेल तर तीही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

आणि आईला कोण सांगणार?

बऱ्याच घरांत हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. जागा ठरलेली, डिपॉझिट भरलेलं, आणि मग ‘चल आई, जरा फिरून येऊ’. असं करू नका. स्मृती ठीक असलेल्या माणसाने कुठे राहायचं, हा निर्णय त्याचा असतो. मुलं फक्त बिल भरतात. फसवून नेलेली आई तिथे महिनोन्‌महिने बॅग भरून दाराशी बसते, आणि त्यात केंद्राचा काही दोष नसतो.

सुरुवात यादीपासूनच करा. ती चौदा कामांची यादी आईबरोबर बसून भरा. कशात मदत हवी, हे तिच्या तोंडून येऊ द्या. दोन-तीन ठिकाणं तिलाच दाखवा. तिचे प्रश्न वेगळे असतात. देवघर ठेवता येईल का? खोलीला आतून कडी लावता येते का? दुपारी स्वतःचा चहा करता येईल का? भिशीच्या मैत्रिणी आल्या तर बसायला जागा आहे का? यांची उत्तरं ब्रोशरमध्ये नसतात, पण आई तिथे राहील की नाही, ते याच उत्तरांवर ठरतं. आणि तिने ‘नाही’ म्हटलं, तर त्या ‘नाही’मागे काय आहे ते विचारा. अनेकदा भीती जागेची नसते. ‘आता मुलं यायची बंद होणार’ ही असते. मग दर महिन्याच्या कोणत्या रविवारी ठाण्याहून मुलगी येणार, ते कॅलेंडरवर लिहून द्या आणि पाळा.

पूर्ण प्रवेशाआधी पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचा मुक्काम करून बघता येतो. अनेक केंद्रं असा शॉर्ट स्टे देतात. तेवढ्या काळात कोथरूडचं घर आहे तसंच ठेवा, भाडेकरू शोधू नका. पंधरा दिवसांनी आईला घरी आणा. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा रात्री किती वेळा बेल दाबली, कोण आलं, सकाळचा चहा गरम होता का आणि तिथल्या कोणाकोणाची नावं लक्षात राहिली, ते विचारा.